सशीण आणि कोळ्याचे जाळे

एका जंगलात, ओढ्याच्या सखल काठावर, एक सशीण आपल्या पिल्लाला घेऊन राहत असे. टेकडीवरची तिची कोरडी जागा कोल्ह्याने बळकावली होती, म्हणून बिचारी ओल्या बिळात दिवस काढी. वरच्या अंगाला रानडुक्कर लोळे, त्याचे गढूळ पाणी तिच्या वाट्याला येई. त्यात भर म्हणून तरस उष्टी हाडे तिच्या दाराशी टाकून जाई. पिल्लू सारखे आजारी पडू लागले. एके सकाळी तर ते डोळेच उघडेना. ती तिघांविरुद्ध गाऱ्हाणे घेऊन धावत अस्वलाकडे गेली, कारण जंगलाचा न्यायनिवाडा अस्वल करी.

मुलांनो, तिथली रीत मोठी गमतीची होती. ज्याच्यावर आळ येई, त्याने तीच गोष्ट सर्वांदेखत स्वतः करून दाखवायची. काही झाले नाही, की सुटला! रानडुक्कर गढूळ पाणी घटाघटा प्यायले. तरसाने सडकी हाडे मनसोक्त हुंगली. कोल्हा ओल्या बिळात डुलकी काढून आला आणि म्हणाला, "वा! झकास झोप लागली."

"बाई, कुणालाच काही झालं नाही," अस्वल म्हणाले. "दोष कुणाला देऊ?"

सशिणीला रडू फुटले. तेवढ्यात तिची नजर झुडपावरच्या जाळ्यांकडे गेली. "कोळीदादा, तुझं एक जाळं देतोस?"

"घे की. मी दुसरं विणीन," कोळी म्हणाला.

"हे जाळं म्हणजे माझं पिल्लू समजा," असे म्हणून तिने जाळ्यात एक गुंज ठेवली. "हे गढूळ पाणी." जाळे हलले, पण टिकले. ती काढून तिने दुर्गंधीची गुंज ठेवली, मग ओलीची. तरीही जाळे टिकले.

"पाहिलंत?" कोल्हा हसला.

सशिणीने तिन्ही गुंजा एकदम ठेवल्या. जाळे लोंबले आणि टर्रकन फाटले.

अस्वलाने शेजारच्या जाळ्यात दोनच गुंजा ठेवून पाहिल्या. जाळे वाकले, पण तगले. "एक ओझं आत्ताच उतरलं पाहिजे," ते म्हणाले. "कोल्ह्या, टेकडीवरची जागा सोड. रानडुकरा, तरसा, तुम्ही दोघे उद्यापासून आपापली घाण आवरा."

"पण दोष माझ्या एकट्याचा कुठे आहे?" कोल्हा कुरकुरला.

"एकट्याचा नाहीच," सशीण म्हणाली. "तुम्ही एकेक त्रास घटकाभर सोसलात. माझं पिल्लू तिन्ही त्रास एकदम सोसतं, आणि रोज सोसतं."

कोरड्या बिळात गेल्यावर काही दिवसांनी पिल्लाने डोळे उघडले आणि आईकडे खायला मागितले.

तात्पर्य : सुटे सुटे पाहिले तर प्रत्येक त्रास क्षुल्लक वाटतो, म्हणून सारे ओझे एकत्र करून, ते वाहणाऱ्याच्या पाठीवरच मोजावे.