कवठमाळची अर्धी प्रार्थना

कवठमाळच्या ख्रिस्ती दफनभूमीत प्रभूची प्रार्थना मध्येच थांबते. देवाच्या इच्छेप्रमाणे होवो, या ओळीपाशी सगळे गप्प होतात. नवखा पाहुणा एकटाच पुढे म्हणत जातो आणि ओशाळतो. मग मंडळीतले वडीलधारे आशेर नाना त्याला बाजूला घेऊन ठकूबाईची हकिगत सांगतात.

प्लेगचं साल होतं, म्हणे. गावात उंदीर पडायला लागले, तशी माणसं घरं सोडून माळावर झोपड्या घालून राहिली. तरी ताप मागोमाग आलाच. ठकूबाईचा नवरा सोमवारी गेला. शुक्रवारपर्यंत दोन्ही लेकी गेल्या. धाकटीच्या काखेतली गाठ ती शेवटपर्यंत शेकत होती.

लेकींच्या मातीला पाळक सीमोन मास्तरांनी प्रार्थना सुरू केली. त्या ओळीशी ठकूबाईने ओठ मिटले.

"म्हणा, ठकूबाई," मास्तर म्हणाले. "याच ओळीचा आधार असतो."

"नाही निघत तोंडातून. देवासमोर उभं राहून खोटं बोलू का, मास्तर?"

मास्तर रागावले. लोक त्याहून पुढे गेले. हिच्या हट्टापायीच ताप हटत नाही, असं उघड बोलू लागले. तिच्या चुलीचा विस्तव कोणी नेईना, की तिला आपला देईना. तरी ती प्रत्येक मातीला येई, सगळ्यांच्या मागे उभी राही आणि त्या ओळीपाशी गप्प होई.

पंधरवड्याने मास्तरांची बायको दीनाबाई गेली. मास्तरांच्या शेजारी त्यांची दोन लेकरं उभी होती, सकाळपासून उपाशी. मास्तर प्रार्थना म्हणत त्या ओळीपर्यंत आले आणि त्यांचा आवाजच बसला. पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तिथेच अडले. मग ते मातीच्या ढिगावर खाली बसले. ऊन उतरायला लागलं, तरी कोणी हलेना.

ठकूबाईच्या मनात एकदा आलं, असे सांगतात, की मास्तरांना त्यांचेच शब्द ऐकवावेत. तेवढ्यात मास्तरांच्या धाकट्याने मूठभर माती तोंडात घातलेली तिने पाहिली. ती पुढे आली, पदराने त्याचं तोंड पुसलं आणि पुढची ओळ म्हणाली, "बापा, आजची भाकर आज दे."

मास्तरांनी मान वर केली. उरलेली प्रार्थना ते तिच्यामागून म्हणाले. लेकरांना ती आपल्या झोपडीत घेऊन गेली. तिनेच ती वाढवली. अडलेली ओळ तिने पुढे कधी म्हटली की नाही, ते नानांनाही ठाऊक नाही.

आजही कवठमाळला मातीच्या वेळी त्या ओळीपाशी सगळे थांबतात. ज्याचं माणूस गेलं, त्याने स्वतःहून भाकर मागितल्याशिवाय कोणी पुढे जात नाही, त्याला सुचवतही नाही. गेल्या साली एक बाप दिवस मावळेपर्यंत तसाच उभा होता. पाळक उभे, खांदेकरी उभे. त्याला शब्द फुटला नाही. मंडळी प्रार्थना तिथेच ठेवून घरी गेली. ती अजून पुरी व्हायची आहे.