जीपचा कापलेला पाइप

डोंगरमाथ्यावरच्या वाडीत एकदा एक म्हातारा मिस्त्री राहत होता. सगळे त्यांना वस्ताद म्हणत. त्यांच्या हाताखाली एक तरुण शिष्य तयार झाला. या शिष्याने भंगारातून एक जुनी जीप आणली आणि खपून खपून स्वतःच्या हातांनी ती उभी केली. इंजिन उघडलं, पत्रे ठोकले, सीटासुद्धा त्यानंच शिवल्या. चिखल असो नाहीतर दगडधोंडे, जीप चढ चढायची. वाडीला त्याचं कौतुक होतं, आणि त्याचं त्यालाही होतं.

फक्त पुढच्या चाकाजवळचा ब्रेकच्या तेलाचा रबरी पाइप फुगला होता. वस्तादांनी तो बोट लावून दाखवला, बदल म्हणाले. पण नवा पाइप मिळणार तालुक्याला. शिष्याने सायकलच्या ट्यूबची पट्टी कापली, पाइपावर घट्ट गुंडाळली आणि वरून तार पिळली. वस्तादांनी पुन्हा विषय काढला की म्हणायचा, चालतंय की. आणि चालतही होतं. माथ्यावरच्या सपाट रस्त्याला जीप जागच्या जागी थांबायची.

शिष्याच्या आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. डोळ्यांचं फुकट शिबिर तालुक्याला वर्षातून एकदाच भरायचं, आणि तिथे जायचं म्हणजे सगळा घाट उतरायचा. शिष्याने ठरवलं, आईला आपल्याच जीपमधून न्यायचं. त्याची लहान लेक आजीला सोडून राहत नसे, म्हणून तीही मांडीवर बसून जाणार होती. भाकरी बांधून झाल्या. आईने ठेवणीतलं लुगडं नेसलं.

सकाळी सगळे जीपपाशी आले, तर वस्ताद तिथे मातीत बसलेले. हातात चाकू. पाइपाचा मधला तुकडा कापून काढलेला, आणि ब्रेकचं तेल सगळं मातीत जिरलेलं.

शिष्याने विचारलं, हे तुम्ही केलंत? वस्ताद हो म्हणाले, पुढे काही बोलले नाहीत. मग शिष्य तोंडाला येईल ते बोलला. माणसं जमली. कुणी म्हणालं, म्हाताऱ्याला चेल्याचं बरं बघवलं नाही. दुसरा म्हणाला, आता न्या म्हातारीला पाठुंगळी. वस्ताद मान खाली घालून ऐकत राहिले. मग तो तुकडा उचलून घरी गेले.

मायलेक दुपारच्या एसटीने गेले, पण पोचेपर्यंत शिबिराची नावं घेऊन झाली होती. आल्या पावली परत यावं लागलं. पुढे पावसाळा सरता सरता मोतीबिंदू अती पिकून म्हातारीच्या एका डोळ्यातला उजेड गेला, तो गेलाच. दुसऱ्याने नुसत्या सावल्या दिसत.

शिष्याने वस्तादांचं तोंड पाहणं सोडलं. ते दोनदा येऊन दारातून माघारी गेले. तिसऱ्यांदा आले तेव्हा म्हातारी ओसरीवरच बसली होती. शिष्याने बसा म्हटलं नाही, पाणी विचारलं नाही. वस्तादांनी तो पाइपाचा तुकडा म्हातारीच्या हातात ठेवला.

तिने तो चाचपला. वरची तार सोडली, पट्टी उलगडली. आतलं रबर फुगून मऊ झालं होतं. तिने जरा वाकवलं, तर भेग उघडली आणि तिचं बोट आत गेलं.

ती लेकाकडे तोंड करून म्हणाली, "ह्याच्यावर बसवणार होतास व्हय रे मला? मांडीवर पोरगी देऊन?"



वस्ताद म्हणाले, "पोरा, पट्टी तुझ्या हातची, म्हणून तिच्याखालचं तुला दिसेना. सपाटीला एकदा पाय दाबला की भागतं. घाटात वळणावळणाला दाबावा लागतो. आणि जुन्या जीपला तेलाची वाट एकच. ती फुटली की चारी चाकं मोकळी. आदल्या दिवशी पुन्हा सांगितलं असतं, तर तू आणखी एक पट्टी गुंडाळली असतीस."

"मग त्या दिवशी बोलला का नाहीत? लोक एवढं बोलत होते."

"काय बोलणार? दरीत न पडलेली गाडी लोकांना कुठून दाखवू? गेलेला डोळा सगळ्यांना दिसतो. आणि तो माझ्या चाकूनं गेला, हेही खोटं नाही. ते ओझं माझं."

"निम्मं माझ्या लेकाचं," म्हातारी म्हणाली.

तिने नातीला हाक मारली, मांडीवर ओढून घेतलं आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली. हाताला काळं रबर लागलं होतं, ते पोरीच्या केसांना लागलं. शिष्य उठला, आत गेला, आणि वस्तादांसाठी तांब्याभर पाणी घेऊन आला. त्यांनी ते घेतलं. डोळा काही परत आला नाही.

जे टळलं त्याचे उपकार कुणी मानत नाही, घरातही नाही. म्हणून आपलं कुणी आपल्यावर चाकू चालवून बसलेलं दिसलं, तर शिव्या देण्याआधी तो कापलेला तुकडा हातात घ्यावा आणि एकदा वाकवून पाहावा.