तिरके बसवलेले मीटर

एकदा एका वस्तादांनी आपल्या शिष्याचं नीट जमलेलं काम त्याच्या डोळ्यांदेखत तिरकं करून ठेवलं, आणि वर हात पुसत म्हणाले, "आता चहा सांगा."

गोष्ट कोल्हापूरच्या उद्यमनगरातली आहे. तुम्ही म्हणाल, दृष्टांत सांगायचा तर आश्रम हवा, नदीकाठ हवा, दाढीवाले ऋषी हवेत. दाढी आमच्या वस्तादांनाही होती. आश्रमाच्या जागी पत्र्याची शेड होती आणि धुपाच्या जागी ग्रीसचा वास. विद्या कुठं मुक्काम करते हे तिलाच ठरवू द्यावं, आपण त्यात नाक खुपसू नये.

वस्तादांचं नाव बाबालाल मुल्लाणी. इंजिन बांधण्यात त्यांचा हात धरणारा त्या परिसरात कुणी नव्हता. शेडमध्ये त्यांचा एक रिवाज होता. सकाळी ते स्वतः किटली घेऊन दारात उभे राहत आणि येणाऱ्या प्रत्येक कामगाराच्या हातात चहाचा ग्लास देत. बोलत काही नसत. माणूस पहिला घोट घेईपर्यंत नुसते त्याच्याकडे बघत राहत. नवे लोक बावचळून जात. जुने लोक म्हणत, म्हाताऱ्याची खोड आहे, सोडून द्या.

त्यांचा पट्टशिष्य जोतीराम. हाताने चपळ, डोक्याने तल्लख, आणि गाडी चालवण्यात तर निधड्या छातीचा. त्याला वस्तादांविषयी अपार आदर होता. फक्त एका गोष्टीचा सल मनात राहिला होता. आदल्या वर्षी मे महिन्यात त्याच रिवाजाप्रमाणे वस्तादांनी त्याला चहा दिला, क्षणभर पाहिलं आणि म्हणाले, "घरी जा. आज हत्याराला हात लावायचा न्हाई." कारण काही सांगितलं नाही. चारचौघांत झालेला तो अपमान गिळून जोतीराम तणतणत घरी गेला. संध्याकाळी त्याला फणफणून ताप भरला आणि पुढे टायफॉइड निघाला. आणखी दोन दिवस अंगावर काढले असते तर आतडं फुटलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. जोतीरामने तो योगायोग मानला. सल मात्र गेला नाही.

तर, ही मीटरांची गोष्ट घडली त्या वर्षी वस्तादांच्या हातांना कंप सुटला होता. स्क्रू धरला की बोटं थरथरायची. त्यांनी जाहीर करून टाकलं, "हे इंजिन शेवटचं. ह्यापुढं मी इंजिन उघडणार न्हाई." गाडी जुनीच होती, पण तिच्यात त्यांनी टर्बो बसवला होता. टर्बो म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूवर गरगर फिरणारी छोटी चक्की. ती इंजिनात जादा हवा कोंबते आणि लहानशा इंजिनातून दांडगी ताकद काढते. ही ताकद फुकट मिळत नाही. वंगणाच्या तेलाचा दाब क्षणभर जरी पडला, तरी महिनोन्‌महिन्यांची तपश्चर्या डोळ्याची पापणी लवेपर्यंत भंगाराच्या भावात जाते. घाट चढायच्या शर्यतीत ही गाडी जोतीराम चालवणार होता, आणि वस्ताद घाटमाथ्यावर उभे राहणार होते. आपलं शेवटचं इंजिन माथ्यावर चढून आलेलं त्यांना याच डोळ्यांनी बघायचं होतं. साऱ्या गल्लीला हे माहीत होतं.

कंपनीने गाडीत दिलेला तेलाचा लाल दिवा काय कामाचा? तो लागतो तेव्हा सगळं आटोपलेलं असतं. म्हणून जोतीरामने बाहेरून तीन मीटर आणले: एक तेलाच्या दाबाचा, एक तेलाच्या उष्णतेचा, एक टर्बोच्या हवेचा. स्टेअरिंगच्या वर, नजरेच्या रेषेत, त्याने ते एका ओळीत असे बसवले की बघत राहावं. लेव्हलची पट्टी लावून ओळ तपासली. तारा कापडी टेपमध्ये गुंडाळल्या. आकडे सगळे सरळ, आतून निळसर उजेड. शेजारचा वेल्डर गणपा मुद्दाम बघायला आला आणि म्हणाला, "जोत्या, विमानात बसल्यासारखं वाटतंय की रं!"

वस्तादांनी पाहिलं आणि "ब्येस" एवढंच म्हणाले.

पुढे काही दिवस ते रोज जोतीरामच्या शेजारी बसून पन्हाळ्याच्या चढावर जात. "दाब," म्हणत. जोतीराम अॅक्सिलरेटर दाबे. इंजिन पूर्ण जोरात, चढावर, निरोगी धावत असे, आणि वस्ताद मीटरांकडे टक लावून बसत. एकदाही त्यांनी आकडा विचारला नाही. शेवटी थरथरत्या हाताने त्यांनी प्रत्येक मीटरच्या काचेवर, काटा जिथं स्थिर राहत होता तिथं, पांढऱ्या रंगाचा ठिपका दिला.

मग शेडमध्ये आल्यावर त्यांनी तो प्रकार केला. मीटरांच्या मागच्या पट्ट्या सैल केल्या आणि एकेक मीटर जागच्या जागी फिरवला. ठिपका बरोबर वर, माथ्यावर येईल असा. पट्ट्या आवळल्या. एका मीटरचे आकडे डावीकडे कलंडले, दुसऱ्याचे उजवीकडे, तिसरा तर जवळजवळ उलटा झाला. जोतीराम धावत पुढे आला.

"वस्ताद, हे काय केलं तुमी? आकडे वाचायचे कसे?"

"वाचायचे न्हाईत."

"मग मीटर बसवले कशाला?"

"घाट चढून ये, मग बोलू. चहा सांगा रं कुणीतरी!"

गणपा पुन्हा डोकावला. "आरं, तिघंबी पिऊन आल्यात काय?" सगळी शेड हसली. जोतीरामच्या कानशिलांपर्यंत लाली चढली. त्याला वाटलं, हात तर गेलेच, आता वस्तादांची नजरही गेली की काय! असा विचार आपल्या मनात आला याची त्याला लगेच लाजही वाटली.

शर्यतीचा दिवस उजाडला. घाटरस्ता दोन्हीकडून बंद केलेला, कडेला माणसांची झुंबड. वस्ताद पहाटेच वर जाऊन माथ्यावरच्या पांढऱ्या रेषेपाशी उभे होते. झेंडा पडला आणि गाडी सुटली.

जोतीराम मला नंतर सांगत होता, तेव्हाही त्याच्या अंगावर काटा उभा राहिला होता. म्हणाला, "काय इंजिन होतं ते! मी चालवत न्हवतोच. ते मला उचलून न्हेत होतं." वळण यायचं, जायचं. दरीकडची भिंत अंगावर यायची आणि बाजूला व्हायची. आकडा वाचायला त्याला सवड कुठली? पण समोर, नजरेच्या खालच्या कडेला, तीन काटे उभे दिसत होते. तिघं ताठ, एका रांगेत. त्यांच्याकडे बघावंही लागत नव्हतं. ते आहेत एवढं कळत होतं.

माथा जवळ आला. शेवटची दोन वळणं उरली. आणि एका लांब वळणाच्या मध्यावर तिघांतला एक काटा कलला.

जोतीरामचा पाय आधी उठला. विचार नंतर आला. चावी बंद झाली, गाडी कडेला घरंगळत थांबली, आणि घाटात एकदम अशी शांतता पसरली की त्याला स्वतःचा श्वास ऐकू यायला लागला. नंतर बॉनेटखालून तेल टपकत असल्याचा आवाज आला, आणि जळक्या तेलाचा वास.

मग मात्र मन सैरभैर झालं. दोनच वळणं! वर म्हातारा वाट बघतोय. उभ्या जन्मातलं शेवटचं इंजिन. आता चावी फिरवली तर दोन वळणं सहज निघतील, कुणाला कळणार आहे? त्याचा हात चावीकडे गेला. बोटं तिच्यावर टेकली सुद्धा. पण चावी बंद झाल्यावर समोर तिन्ही काटे आडवे पडले होते, त्यांतला एक तर त्याआधीच कलला होता, आणि इंजिनाला आता जोर करायला लावायचं म्हणजे काय हे त्याला लख्ख कळत होतं. त्याने हात मागे घेतला आणि स्टेअरिंगवर डोकं टेकून तो लहान मुलासारखा रडला.

बाकीच्या गाड्या चढून गेल्या आणि रस्ता मोकळा झाला, तेव्हा वरून एक आकृती सावकाश उतरत येताना दिसली. वस्ताद. जोतीराम गाडीबाहेर येऊन मान खाली घालून उभा राहिला.

"माफ करा वस्ताद. वर आणता आलं न्हाई."

वस्तादांनी आधी बॉनेट उघडलं. वाकून, चाचपून बघितलं. चाकाने उडवलेला एक टोकदार दगड तेलाच्या रबरी नळीत घुसला होता आणि तिथून तेल वाहत होतं. नळी सोडून बाकी सगळं शाबूत होतं. मग त्यांनी विचारलं, "प्रेशर किती उरलं होतं?"

जोतीराम गोंधळला. आठवायला लागला. "आकडा... आकडा म्या बघितलाच न्हाई वस्ताद. काटा पडला बाजूला. पाय उचलला."

वस्तादांचा चेहरा उजळला. त्यांनी दोन्ही कापरे हात जोतीरामच्या खांद्यांवर ठेवले आणि त्यांचे डोळे भरून आले.

"ह्यासाठीच फिरवले हुते, लेका. आकडा वाचायला डोळा थांबवावा लागतो, मग डोकं हिशेब करतं, चांगलं का वाईट ते ठरवतं. तवर इंजिन कशाला थांबतंय? पण ताठ उभ्या माणसांच्या रांगेत एक जण वाकला, तर ते मोजावं लागत न्हाई. दिसतं. आता मला सांग, ताठ कुठं उभं ऱ्हायचं, हे काट्याला कुणी शिकवलं? ते आपण बघून ठेवावं लागतं. आणि बघायचं कवा? बिघाड झाल्यावर न्हवं. सगळं चांगलं चाललंय, कुणाचीबी काय तक्रार न्हाई, तवाच बघायचं. लोक चांगल्या दिवसांत बघतच न्हाईत. मग दुखणं आल्यावर इचारत बसतात, पयलं कसं हुतं?"

 ज्या नजरेवर जोतीरामने मनातल्या मनात शंका घेतली होती, ती नजर किती लांबचं बघत होती हे जाणवून तो थक्क होऊन उभा होता. वस्ताद मात्र बॉनेट पुसत होते. "माथा कुठं पळून जातोय व्हय," एवढंच म्हणाले.

गाडी दोर बांधून खाली आणली. नवी नळी बसवली, तेल भरलं. पन्हाळ्याच्या चढावर जोतीरामने पुन्हा पूर्ण जोर दिला आणि ते तिन्ही काटे एकामागून एक ताठ उभे राहिले. शेजारी बसलेले वस्ताद डोळे मिटून इंजिन ऐकत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी वस्ताद नेहमीसारखे किटली घेऊन दारात उभे होते. जोतीरामने ग्लास घेतला, घोट घेणार एवढ्यात थबकला. समोरची ती निश्चल, शांत नजर त्याने आज प्रथमच ओळखली. इतकी वर्षं रोज सकाळी दारात काय चाललं होतं, हे त्याला एकदम उमगलं.

"वस्ताद," तो हळूच म्हणाला, "मला घरी धाडलं हुतं, त्या दिवशी... काय दिसलं हुतं तुमाला?"

"तू रोज ग्लास वरच्या कडंला दोन बोटांत धरतोस. भाजतं म्हणून." वस्तादांनी पुढच्या माणसासाठी चहा ओतला. "त्या दिवशी दोन्ही तळव्यांत घट्ट धरला हुतास. भर उन्हाळ्यात ऊब घेत हुतास, लेका."

जोतीरामने आपल्या हाताकडे पाहिलं. ग्लास दोन बोटांत होता. डोळ्यांत आलेलं पाणी लपवायच्या भानगडीत तो पडला नाही. त्याने किटली वस्तादांच्या कापऱ्या हातातून अलगद काढून घेतली आणि त्यांच्याच शेजारी दारात उभा राहिला. गणपा चहा मागायला आला, तेव्हा त्याने पहिला घोट घेईपर्यंत जोतीराम त्याच्याकडे बघत राहिला.

आपल्या घरातली माणसं आज बरी आहेत, हसतखेळत आहेत. ती चहाचा कप कशी धरतात, हे आजच बघून ठेवूया.