अध्यक्षांचा पायगुण

मिलिंद वाकोडे अकोल्याचा संघ सोडून अमरावतीला चालला, ही बातमी आली आणि बास्केटबॉलच्या मैदानाच्या पायऱ्यांवर चाहत्यांची नुसती जुंपली.

"गद्दार आहे तो," पानवाले गावंडे गरजले.

"फायनल त्यानं जिंकून दिली, आणि हार कोणाच्या गळ्यात पडला?" कुंदावहिनींनी विचारलं. दर सामन्याला त्या बास्केटच्या मागेच बसत आणि पंचालाही सोडत नसत.

तेवढ्यात तो हार मिरवलेले अध्यक्ष डहाकेसाहेबच आले. दर सामन्याआधी ते उजवा पाय पुढे टाकून मैदानाला फेरी मारत, आणि फेरी संपेपर्यंत खेळाडूंनी हात जोडून उभं राहायचं, असा त्यांचा नियम होता.

"जाऊ द्या त्याला," ते मिशीवरून हात फिरवत म्हणाले. "संघ जिंकतो तो माझ्या पायगुणानं. खेळाडू काय, पैशाला पासरी मिळतात."

कुंदावहिनी खुशीत उठल्या.

"मग साहेब, काम सोपं झालं. अमरावतीकरांना आत्ताच फोन लावू. पैशाला पासरी मिळणारा मिलिंद आम्हाला परत द्या, आणि बदल्यात आमचे अध्यक्ष घ्या, पायगुणासकट. इतका फायद्याचा सौदा ते सोडतील का?"

पायऱ्या हसून हसून लोळल्या. गावंड्यांनी तर फोनच काढला. "लावू का, साहेब?"

साहेबांनी तिथून काढता पाय घेतला. संध्याकाळी ते मिलिंदच्या घरी त्याची समजूत काढत बसले होते, आणि पायगुण त्यांनी चपलांबरोबर दाराबाहेरच काढून ठेवला होता.