हिरूमायनं ऐकलेला दुसरा पूर

सांदेरीच्या खडकावर दीपगृह उभं राहिलं त्याच्या फार फार आधी तिथं हिरूमाय राहत होती. ती जाळी विणायची आणि गावातल्या पोरांना पुराची गोष्ट सांगायची. सगळं जग पाण्याखाली गेलं, तेव्हा एका माशानं मनूची नाव आपल्या शिंगाला बांधून घेतली आणि ओढत डोंगरापर्यंत नेली, ती गोष्ट. ती सांगावी हिरूमायनंच, असं म्हणतात.

एका वर्षी वादळात गावच्या होड्या गेल्या. हिरूमायचा एकुलता एक मुलगा नाग्या गेला. सकाळी बाया किनाऱ्यावर रडत बसल्या होत्या, तेवढ्यात लाटांनी एक फळी वाळूवर आणून टाकली. फळीला बिलगलेला एक म्हातारा आणि त्याची नात. कुठल्या मुलखातली होती, कोण जाणे. त्यांची भाषा कुणालाच कळेना.

धाया पाटलाचा भाऊही त्याच वादळात गेला होता. पाटील म्हणाला, "समुद्रानं आपली माणसं नेली आणि ही इथं टाकली. भरती आली की यांना परत देऊ. मग आपली येतील."

कुणी नाही म्हटलं नाही. हिरूमायनंही नाही. तिला नाग्या हवा होता. भरतीपर्यंत त्या दोघांना पेज पाजायचं काम तिच्याकडे आलं.

नात थरथरत होती. तिला शांत करायला म्हातारा ओल्या वाळूत बोटानं चित्रं काढू लागला. आधी पाऊस. मग पाणीच पाणी. मग एक मोठी नाव, आणि तिच्यात जोडीजोडीनं गाई, साप, हरणं. हिरूमायच्या हातातली पेज सांडली. तिनं नावेपुढं मासा काढला. म्हाताऱ्यानं मान हलवली. मासा नव्हे. त्यानं पाखरू काढलं, चोचीत डहाळी धरलेलं.

मासा म्हणा, पाखरू म्हणा, बुडताना कुणीतरी यावं असं दोन्हीकडच्या माणसांना वाटलं होतं. हे आपलं माझं म्हणणं. नाग्या गेल्यापासून हिरूमाय तेव्हा पहिल्यांदा रडली, असं म्हणतात.

भरती सुरू झाली आणि गाव गोळा झालं. तेव्हा नातीला कडेवर घेऊन, म्हाताऱ्याचा हात धरून ती स्वतःच पाण्यात उतरली.

"हिरूमाय, तू माघारी फीर!" पाटील ओरडला.

"पाटला, माझा नाग्या असाच कुठल्या किनाऱ्याला लागला असेल, आणि तिथलं गावही हेच म्हणत असेल तर?"

ती समुद्राकडे वळली आणि मोठ्यानं पुराची गोष्ट सांगू लागली. आपला मासाही सांगितला, त्यांचं पाखरूही सांगितलं. पाणी तिच्या गुडघ्यांपर्यंत आलं आणि तिथंच थबकलं. गोष्ट संपेपर्यंत भरती चढली नाही, असं म्हणतात. शेवटी धाया पाटील पाण्यात शिरला आणि म्हाताऱ्याला खांद्यावर घेऊन बाहेर आला.

पुढं एका गलबतातून ती दोघं आपल्या वाटेनं गेली. नाग्या काही आला नाही. हिरूमाय वाट पाहत म्हातारी झाली, आणि एका ओहोटीला वाळूवरून चालत गेली ती दिसेनाशी झाली. खोल पाण्यात कधीकधी मोठ्या माशाच्या पाठीवर पाखरू बसलेलं दिसतं. नाखवे तिकडे हात जोडतात.

सांदेरीत आजही परका माणूस दारात आला तर त्याला गाव विचारत नाहीत, जात विचारत नाहीत. आधी जेवू घालतात. मग घरातली थोरली बाई त्याच्यासमोर बसते आणि विचारते, "तुमच्याकडे पूर आला तेव्हा वाचवायला कोण आलं होतं?"