ठकूआत्या आणि रंगूची जट

फार वर्षांपूर्वीची ही गोष्ट. किती वर्षं म्हणून विचाराल, तर आमच्या सावरघळीत तेव्हा आरसा एकाच घरात होता आणि तोही तडकलेला, यावरून काय तो अंदाज करा. त्या काळी गावात ठकूआत्या नावाची सुईण होती. गावातलं प्रत्येक डोकं पहिल्यांदा तिच्याच हातून धुतलं गेलेलं, त्यामुळे पाटलापासून गुरवापर्यंत सगळ्यांना ती अरेतुरे करायची. तिच्या जिभेला हाड नव्हतं, पण हात असा मऊ की रडतं पोर न्हाता न्हाताच तिच्या पायांवर झोपी जायचं, असं म्हणतात.

एका साली गावात देवीची साथ आली. अंगभर फोड यायचे, ताप चढायचा. घरात देवी पाहुणी आली असं मानून माणसं आजाऱ्याला न्हाऊ घालत नसत, केसांना फणी लावत नसत. वर उशाला कडुलिंबाचा पाला, डोक्याला हळद आणि तेल. शिरपा कोष्ट्याची पोर रंगू या दुखण्यातून वाचली. दुखणं फार लांबलं होतं. ती उठून बसली तेव्हा तिच्या मानेमागे केसांचा एक जाड दोर लोंबत होता. तेल, हळद, घाम, पाल्याचा चुरा, सगळं त्यात थरावर थर बसून कडक झालं होतं.

आता इतके दिवस विंचरलं नाही तर केस गुंततात, यात देवाचं काय आलं? पण नाही. डोंगराई देवीचा गुरव म्हातबा आला, त्यानं तो दोर पाहिला आणि हात जोडले.

"आईनं पोर राखली ती सोतासाठी," तो म्हणाला. "जट आली. आता ही आईची."

आईची म्हणजे काय, ते सगळ्यांना ठाऊक होतं. पुढच्या जत्रेत रंगूच्या गळ्यात देवीची माळ पडणार, तिचं लग्न कधी होणार नाही आणि हातात परडी घेऊन ती जन्मभर दारोदार जोगवा मागत फिरणार. रंगू तेव्हा परकरातली पोर. जटेला लोखंड लावलं तर देवी कोपते आणि गाव ओस पडतं, अशी समजूत होती. म्हणून बापानं मान खाली घातली आणि आईनं पदर तोंडाला लावला.

ठकूआत्या मात्र भडकली. भर देवळापुढे तिनं म्हातबाला गाठलं.

"म्हातबा, तुझी टाळू म्या भरलीया, मला शिकवू नगंस. लोखंड लावायचं न्हाई, कबूल. पाणी लावायला कुटं बंदी हाय?"

म्हातबा गडबडला. तशी बंदी कुणी ऐकली नव्हती. "लाव पाणी," तो म्हणाला. "पर एक केस जरी कापलास तर पोरीसंगं तूबी गाव सोडायचं. आन् जत्रंपातुर जट सुटली न्हाई, तर पोर आईची."

"सुटंल," ठकूआत्या म्हणाली आणि रंगूचा हात धरून चालू लागली.

ओढ्यातल्या सपाट खडकावर ती बसली. आडोसा नको म्हणाली, ज्याला बघायचंय त्यानं खुशाल बघावं. आधी तिनं कोमट करंजेल जटेत मुरवलं. मग जास्वंदीची पानं चुरून त्यांचा बुळबुळीत रस चोळला. मग रिठे उकळून, कुस्करून त्यांचं फेसाळ पाणी. ते डोळ्यांत गेलं तर झोंबतं, म्हणून रंगूच्या कपाळाला फडकं बांधलं. आणि मग नुसत्या बोटांनी, टोकाकडून वर, एकेक केस मोकळा करत जायचं. मुळाकडून ओढलं की गाठ आणखी आवळते, हे बाळंतिणींची डोकी धुऊन धुऊन ती शिकली होती.

रंगू दात-ओठ खाऊन सोसायची. आत्या म्हणायची, "वरड की गं मोठ्यानं. खडूक काय हसतुया व्हय तुला?"

रोज थोडी हळद सुटायची, थोडं तेल सुटायचं. ओढा पिवळा होऊन वाहू लागला. खालच्या गावांतली धुणी पिवळी झाली, तशा तिथल्या बायका भांडायला वर आल्या आणि पोरीकडे पाहून पदर खोचून रिठे फोडायला बसल्या. गावातले रिठे संपले तेव्हा डोंगरातली झाडं अवेळी पिकली आणि फळं ओढ्यातून वाहत नेमकी त्या खडकाशी येऊन थांबली, असं म्हणतात. आत्याची बोटं सोलली, नखं झिजली, तरी ती उठली नाही.

जत्रेचा आदला दिवस आला. सगळी जट सुटली होती, पण मानेपाशी एक गाठ सुपारीसारखी घट्ट राहिली होती. दिवस कलला. रंगूच्या आईला राहवेना. तिनं कमरेचा अडकित्ता काढला आणि आत्यापुढे धरला.

"कापा, आत्या. पाया पडते. कुणी बघत न्हाई."

"ठेव त्यो," आत्या म्हणाली. "आज कापली तर गाव म्हणंल, जट सुटत न्हाई. मग उद्या ज्या पोरीचं केस गुततील, तिला कोण वाचवणार? ही सुटायलाच पायजे."

नखं उरली नव्हती, म्हणून तिनं गाठ दातांत धरली. डोंगरामागे जाणारा सूर्य तिथंच थांबला, असं म्हणतात. गाठ सुटली, रंगूचे केस कमरेपर्यंत मोकळे झाले आणि मगच तो बुडाला. एकही केस तुटला नव्हता म्हणे. हे मला जरा जास्तच वाटतं, पण आमच्याकडे असंच सांगतात.

सकाळी जत्रेत म्हातबानं केस पाहिले आणि त्याचा चेहरा पडला. तरी तो हट्टानं म्हणाला, "आईच्याच डोक्यावर जटा हायती. आपल्यासारखी करून घेतलेली पोर तू तिच्यापासनं हिरावलीस."

खरंच, देवीच्या डोक्यावरून शेंदराचे जाड दोर लोंबत होते.

"तिला कवा न्हाऊ घातलंय कुणी?" आत्यानं विचारलं.

पिढ्यान्‌पिढ्या सगळ्यांनी तेल आणि शेंदूर चढवला होता, धुतलं कुणीच नव्हतं. आत्या रिठ्याच्या पाण्याचा हंडा घेऊन गाभाऱ्याकडे निघाली, तसा म्हातबा आडवा आला. तेव्हा रंगूची आई पुढे आली. जन्मात कुणा पुरुषापुढे मान वर न केलेली ती बाई. तिनं म्हातबाला खांद्याला धरून बाजूला केलं.

आत्यानं पाणी ओतलं आणि हळूहळू चोळलं. फेस उंबऱ्याबाहेर आला, पायऱ्या उतरला. आणि शेंदराची सगळी खोळ सुटून खाली आली. आत काळ्या पाषाणाची देवी होती. मधोमध भांग, चापूनचोपून विंचरलेले केस, मागे अंबाडा आणि त्यात एक फूल कोरलेलं.

म्हातबा मटकन खाली बसला. "आई तर केस इंचरून बसलीया," तो म्हणाला आणि लहान पोरासारखा रडला.

रंगूच्या गळ्यात माळ पडली नाही. ती मोठी झाली, नांदली, आत्याच्या हाताखाली सुईण झाली.

आजही सावरघळीत जत्रेच्या सकाळी आधी देवीला रिठ्याच्या पाण्यानं न्हाऊ घालतात. रिठे फोडण्याचा मान गुरवांच्या घराचा. मग आसपासच्या गावांतून जिला जट आली असेल अशा मुलीला त्या खडकावर बसवतात. लोखंड जवळ आणत नाहीत. बायका पाळीपाळीनं बसतात, ठकूआत्याचं नाव घेतात आणि बोटांनी एकेक केस सोडवतात. पालखी सजून ओढ्याकाठी उभी असते. ती मुलगी उठून मोकळ्या केसांनी चालू लागेपर्यंत पालखी उचलायची नाही. एका साली गाठ सुटेना, तेव्हा देवी दोन दिवस ओढ्याकाठी थांबली होती, आणि जत्रेला आलेलं एकही माणूस घरी गेलं नव्हतं.