मातीच्या घंटा

पूर्वी वेत्रवतीच्या काठी इंदुपूर नगरात राजा धृतिसेन राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका वैद्याच्या घरी जन्मला. त्या नगरात एक रीत होती. रोगी बरा झाला की त्याच्या घरचे लोक वैद्याच्या दारावर काशाची घंटा बांधीत. वारा सुटला की वैद्यांची आळी किणकिणत असे, आणि ज्याच्या दारी नाद मोठा, त्याचे औषध महाग.

बोधिसत्त्व आणि वसुधर एकाच गुरूच्या अंगणात शिकले. एका खलात त्यांनी मुळ्या कुटल्या, एका कांबळ्यात थंडी काढली. नवे काही कळले की झोपलेल्याला हलवून सांगावे, असे ते दिवस होते. पुढे दोघांनी समोरासमोर वैद्यकी थाटली आणि सांगणे थांबले.

एकदा उत्पला नावाची कुंभारीण बोधिसत्त्वाकडे आली. तिच्या स्तनात अर्बुद झाले होते, दगडासारखी कठीण गाठ.

"समोरचे वैद्य सोन्याच्या भस्माचा लेप देतात," ती म्हणाली. "भट्टी आणि चाक विकलं तर जमेल. पण मागे दोन पोरी आहेत. विकू का?"

"विकू नकोस. तो लेप मीही देऊन पाहिला. एकही बाई वाचली नाही."

"मग हे कुणाला ठाऊक आहे?" तिने दाराकडे पाहिले. "घंटा तर वाचलेल्यांच्या. मेलेल्यांचं काय टांगता, वैद्यदादा?"

बोधिसत्त्वाने दारावरची एक घंटा हाताने थांबवली. मग तो म्हणाला, "मला मातीच्या घंटा करून देशील?"

त्याच्या हातून जे वाचले नाहीत, त्या प्रत्येकासाठी त्याने एक मातीची घंटा बांधली. विचारील त्याला तो कोणते औषध फसले ते सांगू लागला. त्या घंटांचा नाद बसका होता. रोगी दाराशी येऊन माघारी फिरू लागले.

वसुधर रस्ता ओलांडून आला. "अरे, वेड लागलं का तुला? आपल्याच दारावर मढी टांगतोस! उपाशी मरशील."

"मरेन. पण जो लेप माझ्याकडे फसला, तोच लोकांनी घर विकून तुझ्याकडून का घ्यावा? गुरूंच्या अंगणात असतो, तर मी तुला तेव्हाच हलवून उठवलं असतं."

वसुधर आल्या पावली परतला.

उत्पला वाचली नाही. बोधिसत्त्वाने तिच्या वेदना तेवढ्या शमवल्या. आपल्यासाठीची घंटा तिने स्वतःच घडवून ठेवली होती. तिचे चाक मात्र थांबले नाही; थोरली मुलगी त्यावर बसली.

ती घंटा बांधली त्या संध्याकाळी वसुधर पुन्हा आला. त्याच्या उपरण्यात काहीतरी जड होते.

"उत्पलेच्या पोरीकडून आणल्या," तो म्हणाला. "माझं दार उंच आहे. शिडी धरशील?"

पुढे दूरदूरचे वैद्य त्या दोन दारांखाली येऊन बसू लागले. काय उपयोगाचे नाही हे कळल्यावर शोधायचे रान लहान झाले. फार वर्षांनी, अर्बुद वेळेवर ओळखल्याने वाचलेल्या एका बाईच्या घरच्यांनी तिथे काशाची घंटा बांधली.

विहारातल्या भिक्खूंना एवढे सांगून त्यांचे गुरू, शास्ते, कान देऊन राहिले, जणू तो बसका नाद त्यांना अजून ऐकू येत होता. मग म्हणाले, "तेव्हाचा वसुधर म्हणजे विहारात औषधे कुटणारा आपला भिक्खू सुमन. उत्पला म्हणजे भिक्खुणी धीरा. आणि तो वैद्य मी होतो. नगराला काशाच्या घंटा आठवत राहिल्या, मला मातीच्या आठवतात. ज्याने आपलेच नुकसान होईल तेही उघड सांगणे, ही सत्याची परिपूर्णता, ही सत्यपारमिता."